सरावलीतले तीन दगड

पुण्याहून बोईसरला जाणारी एसटी सकाळी सहाला सुटली. माझ्या पिशवीत एक भिंग, एक मोजपट्टी, छोटा वजनकाटा आणि जुन्या टॉवेलचे चार तुकडे होते. दगड बघायला निघाले की मी एवढंच सामान घेते. गेली पंचवीस वर्षं मी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवते आणि त्यातही माझा जीव अडकला आहे तो माणसाच्या अगदी पहिल्या अवजारांमध्ये. ही अवजारं आफ्रिकेतली. कित्येक लाख वर्षांपूर्वी, आजच्या माणसाची जात जन्मायच्या फार आधी, तिथल्या कुणीतरी एक गोटा हातात धरला, दुसऱ्या गोट्याने त्याच्या कडेवर घाव घातला आणि निघालेल्या धारदार छिलक्याने मांस कापलं. मूळ दगड तो गाभा, निघाला तो छिलका, आणि ज्याने मारलं तो हातोडा. पुढची लाखो वर्षं माणसाची कारागिरी एवढीच होती.

यावर मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहिला होता. तो छापून आल्यावर आठवड्याने बोईसरजवळच्या सरावलीतून फोन आला. बाईंचा आवाज होता. "तुमी त्या दगडांवर लिवलंय ना? आमच्याकडं हायत तसले. आफ्रिकेचेच हायत. आमचे हे बोलतात, या नि बघून जा."

असे फोन मला येतात. बहुतेक वेळा दगड नदीतला नाहीतर रस्त्याच्या खडीतला निघतो. पण "आफ्रिकेचेच" हा शब्द डोक्यातून जाईना. जानेवारीत तीन दिवसांची सुट्टी मिळाली तशी निघाले.

बस घोडबंदरला दीड तास अडकली. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. मनोरच्या पुढे चिल्हार फाट्याला बस हमरस्ता सोडून डावीकडे वळली आणि थोड्या वेळाने नागझरीच्या दगडखाणी दिसू लागल्या. टेकड्या अर्ध्या कापलेल्या, काळ्या दगडाच्या उभ्या भिंती उघड्या पडलेल्या, आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर खडीच्या क्रशरची पांढरी धूळ. बेटेगाव गेलं तशा इमारती दाट झाल्या. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "बोईसर आलं. खिडकी लावा, आता वास येईल." वास आला, आंबूस आणि जरा गोडसर. त्यांनी पदर नाकाला लावलासुद्धा नाही.

स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, "सरावली में किधर, मैडम?" मी पत्ता वाचून दाखवला. त्याने मला चुकीच्या गल्लीत सोडलं. कामगारांच्या चाळींमागून चाळी, प्रत्येक दारात निळं पिंप आणि दोरीवर कारखान्याचे गणवेश. चारजणांना विचारत घर सापडायला अर्धा तास गेला. दार उघडलं ते फोनवरच्या बाईंनी. हिराबाई सावळे, पासष्टीच्या, सडपातळ, नऊवारी घट्ट नेसलेल्या. माहेर सातपाटीचं, कोळ्यांचं. "या, या. जेवून घ्या आधी. दगड काय पळून नाय जात."

तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. मी जेवत होते आणि समोर खुर्चीत एकनाथ सावळे बसले होते. वय पंचाहत्तरच्या आसपास, हात मोठे, नखं जाड. माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली तेव्हा लक्षात आलं की त्यांना जवळपास काहीच दिसत नाही.

"काचबिंदू," ते म्हणाले. "उजेड तेवढा कळतो. तुमचा लेख शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला मी."

सावळे मूळचे साताऱ्याकडचे. वडील गावोगाव फिरून पाटे-वरवंटे आणि जाती घडवायचे. हेही लहानपणापासून त्यांच्याबरोबर टाकी (दगड घडवायची छिन्नी) चालवायला शिकले. तरुणपणी नागझरीच्या खाणीत आले, तिथे डोझर चालवायला शिकले, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कितीतरी प्लॉट त्यांनी सपाट केले. नंतर एका कंत्राटदाराबरोबर चार वर्षं केनियाला गेले. उत्तरेकडे, तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, रस्त्याच्या कामावर.

हे ऐकून माझा घास हातात राहिला. त्या सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर जगातली सर्वांत जुनी दगडी अवजारं सापडली आहेत. लेखात मी त्या जागेचं नाव लिहिलं नव्हतं.

हिराबाईंनी कपाटातून स्टीलचा डबा काढला. आत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले दोन दगड होते. चपटे, राखाडी-हिरवट, तळहाताच्या निम्मे. मी टॉवेल पसरला आणि भिंग लावलं. दोन्ही छिलके होते. घाव बसला ती जागा, तिच्याखाली आलेला फुगवटा, पाठीवर आधीच्या घावांचे खळगे, सगळं जागच्या जागी. कडा मात्र बोथट झाल्या होत्या आणि पृष्ठभागावर काळाची साय चढली होती.

"काय वाटतं?" सावळ्यांनी विचारलं.

"तुम्ही का उचलले हे?" मी उलट विचारलं.

त्यांनी एक छिलका हातात घेऊन अंगठा त्या फुगवट्यावर फिरवला. "ह्याला पोट हाय. दगड आपोआप फुटला, उन्हानं तडकला, तर त्याला पोट येत न्हाई. नेम धरून कडेला मारला तरच येतं. बापानं शिकवलेलं. मी डोझरवरनं उतरलो, बघितलं, आन् कळलं. हा फुटला न्हाई, फोडलाय."

माझ्या विद्यार्थ्यांना हा फरक कळायला एक वर्ष लागतं.

"पण तिसरा पाहिजे," ते पुढे म्हणाले. "तीन आणलेले. तिसरा मोठा होता, मुठीएवढा. हिनं सातपाटीला दिला."

"दिला नाय, वयनीने नेला," हिराबाई म्हणाल्या. "घर बांधत होतो तेव्हा सगळं सामान बाहेर होतं. तिला बरा वाटला, घेऊन गेली. दगडच तो. मला काय ठाऊक?"

रात्री बोईसरच्या लॉजवर मला लवकर झोप लागली नाही. खरं ते सांगते. मी तेव्हा त्या दगडांना त्यांच्या देशात परत पाठवायचा विचार करत नव्हते. आमच्या विभागातलं काचेचं कपाट माझ्या डोळ्यांपुढे होतं. आफ्रिकेतलं एकही खरं अवजार आमच्याकडे नाही, प्लॅस्टरच्या प्रतिकृती आहेत. तिसरा दगड मिळाला तर ते कपाट कसं दिसेल, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आणि मी पालघरला गेलो आणि तिथून शेअर रिक्षाने सातपाटीला. गाव जवळ आलं हे आधी नाकाला कळतं. बांबूच्या उंच मांडवांवर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले, जमिनीवर जाळ्यांवर जवळा (बारीक सुकी कोळंबी) पसरलेला. वाऱ्याने जाळी उडू नये म्हणून कडेने दगड ठेवलेले, शेकडो दगड. बंदरात रंगवलेल्या बोटी ओहोटीने चिखलात कलंडल्या होत्या. हिराबाईंना दर दहा पावलांवर कुणीतरी हाक मारत होतं.

वहिनी, मथुराबाई, घरी नव्हत्या. पाटी घेऊन पालघरच्या बाजारात गेल्या होत्या, म्हणजे आम्ही आलो त्याच रस्त्याने उलट्या. शेजारणीने ओट्यावर बसवलं, चहा दिला. मला राहवेना. अंगणात जवळ्याच्या जाळ्यांवरचे दगड एक एक करून बघू लागले. तासाभराने एक सापडला. मुठीएवढा, राखाडी, एका कडेने दोन-तीन छिलके उडालेले. मी तो धुतला, पुसला, भिंग लावलं आणि हिराबाईंना म्हणाले, "हाच."

तेवढ्यात मथुराबाई आल्या. डोक्यावरची रिकामी पाटी उतरवून त्यांनी माझ्या हातातला दगड बघितला आणि नणंदेला विचारलं, "ही बाय कोण? आनि हा दगड कशाला धुतंय?"

हिराबाईंनी सांगितलं.

मथुराबाई कमरेवर हात ठेवून हसल्या. "ओ मॅडम, तो परवा धक्क्याच्या कामावरनं आणलाय. ट्रकातनं पडलेला." त्या आत गेल्या आणि मोरीजवळच्या फळीवरून एक दगड घेऊन आल्या. "हा तो. चिंबोरीचे नांगे फोडाया ठेवलाय. हातात बसतो बघा कसा."

त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि तो बसला. गोल बाजू तळव्यात गेली, बोटं आपोआप खाचांवर आली, आणि पुढे वाकडीतिकडी कड राहिली.  पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर मी खडीचा दगड धुऊन पुसून ठेवला होता, आणि खरा दगड ओळखला होता खेकडे फोडणाऱ्या बाईने.

एका बाजूला ठेचल्याच्या ताज्या, पांढरट खुणा होत्या. चिंबोऱ्या फोडल्याच्या. माझा चेहरा बघून मथुराबाई गंभीर झाल्या. "खराब केला का मी?"

"नाही," मी म्हणाले. "तो कामासाठीच केलेला आहे." हे बोलताना मला ते पटलेलं नव्हतं, पण नंतर पटलं.

"मग न्या. पण त्याच्या बदल्यात दुसरा द्या. तो धुतलेला हाय तो ठेवा हितं."

जेवणात पापलेटचा तुकडा आग्रहाने वाढला गेला आणि निघताना सुक्या बोंबलांचं एक भलं मोठं पुडकं हातात आलं. परतीच्या रिक्षात हिराबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? दुसऱ्या देशातनं आणलेलं हाय. आमाला पोलीस नाय ना येणार?"

मी म्हणाले, "परत द्यायचं म्हटलं तर कुणी येणार नाही." तोवर हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सरावलीत पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. सावळे दारातच बसलेले. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केले. मी मोठा दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवला, कड चाचपली, चिंबोऱ्यांच्या खुणांवर बोट थांबलं, "हे नवं हाय," म्हणून पुढे गेलं. "छिलके द्या."

मला भीती वाटत होती. अशा वस्तू एकमेकांवर घासायच्या नसतात, आम्ही विद्यार्थ्यांना हातसुद्धा लावू देत नाही. पण दिले. पहिला छिलका त्यांनी एका खळग्यावर ठेवला, काढला, दुसऱ्यावर ठेवला, काढला. तो कुठेच बसला नाही. दुसरा घेतला. त्याचं पोट अंगठ्याने बघितलं, गाभ्यावरचा एक खोलगट भाग करंगळीने बघितला. मग छिलका फिरवून उलट्या दिशेने हळूच सरकवला.

बारीकसा आवाज झाला, डबीचं झाकण बसल्यासारखा.

मी भिंग लावलं. सांधा केसाएवढा होता. ज्या घावाने हे दोन वेगळे झाले होते तो घाव कुणी, कुठल्या दुपारी घातला असेल ते सांगता येत नाही, पण त्यानंतर ते पहिल्यांदाच एकत्र आले होते, सरावलीतल्या एका घरात. असे जोड त्या सरोवराच्या काठी शास्त्रज्ञांनी लावलेले आहेत. त्यासाठी वर्षानुवर्षं शेकडो तुकडे जुळवत बसावं लागतं.

"बसला," सावळे म्हणाले.  हिराबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"मॅडम, आता एक लिहून घ्या. काल बोललो न्हाई. आधी हे खरे हायत का ते बघायचं होतं."

मी वही काढली.

"तिथं तीन नव्हते. लई होते. नदीचं कोरडं पात्र होतं, त्याच्या काठाला मी डोझरनं कापत होतो. पांढऱ्या राखेचा एक पट्टा लागला आन् त्याच्या खाली हे सगळे. ढीग न्हवं, पसरलेले, कुणी बसून काम केल्यासारखे. मधी थोडी जागा मोकळी. माझ्याबरोबर जोसेफ म्हणून तिथलाच एकजण होता. तो बघून म्हणाला, फुंडी. फुंडी म्हंजे त्यांच्या भाषेत कारागीर. जुन्या फुंडीची जागा हाय म्हणाला."

मी ‘फुंडी’ हा शब्द वहीत लिहून घेतला. 

"मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, सावळे, गप बस. सरकारला कळलं तर वर्षभर काम बंद, आन् आपन सगळे घरी. तीन दगड खिशात घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथनं डोझर मीच फिरवला. दुसऱ्या कुणी न्हाई. मीच."

"तुम्ही नसता फिरवला तर दुसऱ्याने फिरवला असता," मी म्हणाले. असं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"ते खरं. पण दुसऱ्याला कळलं नसतं काय हाय ते. मला कळलं होतं."

 हिराबाईंनाही हे नवीन असावं. त्या नवऱ्याच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिल्या.

मग मी त्यांना माझ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. दगडाचं वय दगडात नसतं, तो ज्या थरात सापडतो त्या थरात असतं. राखेचा पट्टा म्हणजे ज्वालामुखीची राख, तिचं वय काढता येतं. जागा कळली नाही तर हे तीन दगड कितीही खरे असले तरी मुके. "जागा आठवते का?"

"आठवते का?" ते जवळजवळ रागावले. "लिहा."

पुढचा पाऊण तास मी लिहीत होते. कुठल्या गावापासून रस्ता सुरू झाला, किती मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याचे नळ) बांधल्या, कुठली कुठल्या ओढ्यावर, कुठे खडक लागला, कुठे वाळू. तिसऱ्या मोरीच्या पुढे, वळणाच्या आधी, डाव्या हाताचा काठ. डोळे मिटून ते रस्त्यावरून चालल्यासारखे सांगत होते. एकदा चुकले, स्वतःच थांबले, मागे गेले आणि दुरुस्त केलं. मी नकाशा काढला आणि त्यांचं बोट धरून त्यावरून फिरवलं. त्यांनी दोन वळणं बदलायला लावली.

शेवटी मी विचारलं, "हे दगड त्यांच्या देशाला परत पाठवायचे का? तुमच्या नावाने, या हकिगतीसकट?"

"नावासकट पाठवा," सावळे म्हणाले. "आन् डोझर मी फिरवला ते गाळू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परतले. टॉवेलात गुंडाळलेले दगड मांडीवरच्या पिशवीत होते, पायाशी बोंबलांचं पुडकं. वासामुळे कंडक्टरने मला मागच्या बाकावर पाठवलं. खिडकीतून नागझरीच्या खाणी पुन्हा दिसल्या. एका क्रशरजवळ माणसं दगड चढवत होती. आमच्या पुस्तकांत आम्ही दगड फोडणाऱ्या पहिल्या हातांबद्दल लिहितो तेव्हा शेपटी नसलेला, वाकून चालणारा कुणी प्राणी डोळ्यांपुढे आणतो. यापुढे मला तसं करता येईल असं वाटत नाही. त्या हातांनाही जाड नखं असतील, आणि कुठे मारल्यावर काय निघेल हे त्यांनाही बोटांनीच कळत असेल.

कागदपत्रांना बरेच महिने लागले. दोन देशांची परवानगी, तीन वेळा बदललेले अर्ज. विभागातल्या एका सहकाऱ्याने विचारलंच, "इतकी घाई काय, आपल्याकडे राहिले असते तर?" मी म्हणाले, मलाही तसंच वाटलं होतं. दगड गेले. तिथल्या सरकारी संग्रहालयाची पोच आली आणि मग बराच काळ काहीच नाही.

गेल्या महिन्यात तिथल्या एका संशोधक बाईंचा निरोप आला, सोबत चार फोटो. नकाशा घेऊन त्या तिसऱ्या मोरीपर्यंत गेल्या होत्या. डाव्या काठाचं काही उरलेलं नाही. पण रस्त्याच्या उजव्या बाजूला तोच पांढरा पट्टा काठात दिसतो आहे आणि त्याच्याखाली छिलके बाहेर डोकावताहेत. अजून खोदलेलं नाही. आता ती जागा नोंदवली आहे.

मी लगेच सरावलीला फोन लावला. हिराबाईंनी तो सावळ्यांच्या कानाला लावला. मी सगळं वाचून दाखवलं, फोटोत काय काय दिसतं ते एक एक करून सांगितलं.  

"ऐकताय ना?"

"हाय, हाय. ऐकतोय," ते म्हणाले. "उजवीकडं मी हात लावला न्हवता. तेवढं राहिलं म्हणायचं." मग त्यांनी विचारलं, "मॅडम, फोटोत रस्ता दिसतोय का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. दोन्हीकडे लाल माती, मधून काळा रस्ता सरळ गेलेला, लांबवर एक ट्रक येतोय.

"दिसतोय," मी म्हणाले. "चालू आहे. कुठे खचलेला नाही."

"बरं," सावळे म्हणाले, आणि फोन हिराबाईंकडे दिला.